जळालेलं नाट्यगृह 'जसंच्या तसं' बांधायचं म्हणजे नक्की कसं?

खासबागवाला

ऑगस्टपासून हा धागा काढायचा म्हणतोय. दरवेळी दोन ओळी लिहायच्या आणि खोडायच्या, असं चाललंय.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, संगीत नाटकातले गायक नट केशवराव यांची जयंती होती. घर मंगळवार पेठेत, त्यामुळं गच्चीवर गेलो तर आभाळ तांबडं. खाली जिन्यात शेजारचे आजोबा भेटले. वय ८४, पायात चप्पल नाही, अंगावर बंडी, आणि निघालेले. त्यांना हाताला धरून बसवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पडदा तरी काढला काय रं कुणी?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. रोमचं कलोसियम बघितलं आणि परत आल्यावर त्यातून खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं, १९१२ मध्ये. त्याला पाठ लावूनच नाट्यगृहाचं काम १९१३ ला सुरू झालं, १९१५ ला पुरं झालं. नाव पॅलेस थिएटर. केशवरावांचं नाव पुढं दिलं गेलं. पैलवान आणि गवई एका भिंतीच्या दोन बाजूंना, हे फक्त आमच्या राजालाच सुचणार.

आग विझल्यावर दगडी भिंती उभ्या होत्या, छप्पर आणि रंगमंच गेलेला. सरकारनं २० कोटी जाहीर केले. आणि तेव्हापासून जो तो म्हणतोय, "जसंच्या तसं बांधा."

माझा प्रश्न साधा आहे. कुठल्या सालासारखं जसंच्या तसं? १९१५ चं? माझ्या लहानपणीचं? की मधल्या सगळ्या दुरुस्त्या झाल्यावरचं, आगीच्या आदल्या दिवशीचं?

माझं मत आधीच सांगतो. कमानी, खांब, दर्शनी भाग याची नक्कल कुणीही चांगला कंत्राटदार करील. फोटो पोत्यानं आहेत. पण शेवटच्या रांगेत बसून माईकशिवाय गाणं ऐकू यायला पाहिजे. ते जमलं तर बाहेरून जरा वेगळं दिसलं तरी माझी हरकत नाही. ते नाही जमलं तर जे होईल ते दुसरंच काहीतरी, फक्त पत्ता तोच.

रंकाळ्याचा_वारा

भावा, एकच नंबर लिवलंस. आजोबांच्या त्या वाक्यावर थांबलो.

तिसरी_घंटा

मी विरोधी बाकावर बसतो, कुणीतरी बसायलाच हवं.

गेली पंधरा वर्षं व्यावसायिक नाटकांबरोबर तंत्रज्ञ म्हणून गावोगाव फिरतोय. जुन्या नाट्यगृहांबद्दल हळवं होणारे प्रेक्षकांत असतात, ट्रकमधून सेट उतरवणारे नसतात. आजच्या नाटकाला वर पाईप हवेत, त्यावर वजन तोलणाऱ्या पुल्या हव्यात, दिव्यांना वेगळी लाईन हवी, ट्रक थेट रंगमंचाच्या दाराला लागायला हवा. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला प्रेक्षागृहातच नाही तर रंगमंचावरही जाता यायला हवं, कारण नट पण म्हातारे होतात. बायकांची स्वच्छतागृहं तर विचारू नका. एका तालुक्याच्या गावी (नाव सांगत नाही) आमची नायिका दोन अंकांच्या मध्ये समोरच्या डॉक्टरांच्या घरी पळत जाऊन आली. शालू नेसून.

१९१५ मध्ये पुरुषच बायकांच्या भूमिका करायचे, हे लक्षात ठेवा म्हणजे 'जसंच्या तसं'चा अर्थ कळेल.

विंगेतला

@तिसरी_घंटा, मुद्दा मान्य, पण एक सांगू?

राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या कॉलेजच्या ग्रुपनं तिथं प्रयोग केला. माझं काम म्हणजे दुसऱ्या अंकात ताट घेऊन यायचं आणि "जेवण तयार आहे" म्हणायचं. झालं. तालमी आम्ही करायचो एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, तिथं घसा फाटेपर्यंत ओरडलं तरी दिग्दर्शक मागून हात हलवायचा, ऐकू येत नाही म्हणून. स्पर्धेच्या दिवशी ताट घेऊन आलो, भीतीनं आवाज बसलेला, जवळजवळ स्वतःशीच पुटपुटलो. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "वाढ की मग!"

सगळं थिएटर हसलं. परीक्षकसुद्धा. आमचं नाटक गंभीर होतं.

त्या दिवशी कळलं की तिथं पुटपुटणंही वर पोहोचतं. खासबागवाला म्हणतात ते हेच असावं.

मिरजेचा_तंबोरा

कोल्हापूरकरांच्या दुःखात सहभागी आहेच. पण नाटकाचा इतिहास निघाला की कृष्णेकडे बघावं लागतं, त्याला इलाज नाही. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला 'सीतास्वयंवर' केलं. आमच्या मिरजेत १९०५ मध्ये बालगंधर्व शकुंतलेच्या भूमिकेत पहिल्यांदा उभे राहिले. बाकी चालू द्या.

रंकाळ्याचा_वारा

आलं! मी घड्याळ लावून बसलो होतो, सांगली-मिरज कितव्या प्रतिसादात येतंय ते. तिसऱ्यात.

मिरजेचा_तंबोरा

चौथ्यात. मधला एक तुमचाच होता.

चुनखडी

खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं. या इमारतीच्या कामाशी माझा संबंध नाही, तेव्हा सर्वसाधारण सांगतो.

लोकांना वाटतं, दगडी भिंत उभी आहे म्हणजे वाचली. तसं नसतं. आगीत काळा दगड वरून पापुद्रे सोडतो. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या दगडावर बंबाचं गार पाणी पडतं, तेव्हा केसासारख्या बारीक चिरा जातात. आणि दगडांच्या मधला चुन्याचा सांधा भाजून भुसभुशीत होतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आत पीठ.

तपासायची यंत्रं आता खूप आली आहेत, वापरावीतच. पण आमचे एक मिस्त्री होते, ते आधी हातोडी घेऊन भिंतीपाशी जायचे. टक, टक, टक. दगड खणखणीत वाजला तर पुढं. बद्द वाजला की खडूनं फुली. दिवसभरात भिंतीवर फुल्यांचा नकाशा तयार व्हायचा. नंतर यंत्रानं बघितलं तर दहातल्या आठ फुल्या बरोबर निघायच्या. तर आवाजाचा विषय प्रेक्षकांपुरता नाही, भिंतीलाही आवाज असतो.

दुसरी गोष्ट सिमेंटची. जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरणं म्हणजे सुती सदऱ्याला पत्र्याचं ठिगळ. चुना ओल आत घेतो आणि सोडतो. सिमेंट तिला कोंडून ठेवतं, मग ती दगडातून वाट काढते, पांढरे क्षार फुटतात, दगड झिजतो. चुना पाहिजे, तोही भिजवून मुरवलेला, चुन्याच्या घाण्यात मळलेला, जमलं तर हिरड्याचं पाणी आणि गूळ घातलेला. हे करायला वेळ लागतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की पहिला बळी चुन्याचा जातो, हा माझा अनुभव. कुठला ते विचारू नका.

गुळाची_ढेप

गूळ म्हटलं म्हणून आले. 😀 कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, तेवढी सोय महाराजांच्या काळापासून आहे.

चुनखडी काका, छपराचं काय? जुनं लाकूडच आगीला कारण, आता सगळं लोखंडी करा, असं सगळे म्हणतात.

चुनखडी

सगळे म्हणतात, त्यात अर्धंच खरं आहे. जाड सागवानी तुळई पेटते, पण बाहेरून कोळसा होत जातो, मिनिटाला साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर. तो कोळसाच आतल्या लाकडाला पांघरूण घालतो. लोखंड पेटत नाही, पण साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते आणि ते मेणासारखं वाकतं. वाकताना भिंतही ओढतं. म्हणजे दोन्हींना संरक्षण लागतं. नाट्यगृहात खरी भीती पडदे, झालरी, रंगवलेले प्लाय, जुन्या वायरी यांची. हे सगळं लोखंडी छपराखालीही तितकंच पेटतं.

तिसरी_घंटा

काकांशी शंभर टक्के सहमत, आणि इथंच माझा मुद्दा परत मांडतो. शिकागोचं इरोक्वॉई थिएटर ३० डिसेंबर १९०३ ला जळालं. नवंकोरं होतं, 'पूर्ण अग्निरोधक' अशी जाहिरात केलेली. सहाशेच्या वर माणसं गेली. आगीचा पडदा खाली येताना मध्येच अडकला, बरीच दारं कुलूपबंद किंवा न उघडणारी. त्यानंतर जगभर नियम बदलले: दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, आतून ढकलताच उघडलं पाहिजे, रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात आगीला थोपवणारा पडदा पाहिजे.

आपल्याकडे आग लागली तेव्हा आत प्रयोग नव्हता, प्रेक्षक नव्हते. नशीब म्हणा. तर १९१५ सारखं बांधायचं असेल तर दिसायला बांधा. आतून २०२५ चं करा.

खासबागवाला

@तिसरी_घंटा, तुम्ही विरोधी बाकावर आहात असं मला आता वाटत नाही. दारं, पाईप, पुल्या, स्वच्छतागृहं, सगळं घ्या. माझी अट आवाजाची.

म्युनिकचा_मुक्काम

इथं जर्मनीत राहून दहा वर्षं झाली, म्हणून जरा लांबचं उदाहरण.

म्युनिकचं नॅशनल थिएटर १८१८ ला उघडलं आणि १८२३ च्या जानेवारीत जळालं. थंडी एवढी की विझवायचं पाणी गोठलेलं. गोष्ट अशी सांगतात की शेजारच्या कारखान्यांतून बिअर आणून ओतली. ती किती खरी देव जाणे, पण पुन्हा बांधायला पैसा उभा केला तो बिअरवर कर लावून, हे मात्र खरं. दोन वर्षांत परत उभं. मग १९४३ मध्ये बॉम्ब पडून पुन्हा राख. युद्धानंतर पाडून नवीन करा असंही म्हणणारे होते. शेवटी जुन्या रूपात बांधलं आणि १९६३ ला उघडलं. मी तिथं बसतो तेव्हा शेजारच्या आज्जीला ते 'जुनं थिएटर'च वाटतं. साठच वर्षांचं आहे.

व्हेनिसचं ला फेनीचे १९९६ ला जळालं, २००३ च्या डिसेंबरात परत उघडलं. तिथलं घोषवाक्य होतं, "जसं होतं, जिथं होतं." ते मूळचं तिथल्या चौकातल्या घंटाघराचं. ते घंटाघर कोसळलं १९०२ च्या जुलैत, आणि त्याच शब्दांवर १९१२ ला पुन्हा उभं राहिलं.

आता खासबागवाला यांची पहिली पोस्ट परत वाचा. १९०२ ला महाराज युरोपात, १९१२ ला खासबाग. आणि एडवर्डचं राज्यारोहण राजाच्या आजारपणामुळं पुढं ढकललं गेलं, ते झालं कुठल्या तारखेला? ९ ऑगस्ट. यातून काही सिद्ध होत नाही. पण माझी रात्रीची झोप गेली.

रंकाळ्याचा_वारा

बिअरवर कर? मग आपण तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर लावू. वाटीमागं एक रुपया. सहा महिन्यांत तीन थिएटरं उभी करतो.

गुळाची_ढेप

आणि पार्सलला दोन रुपये.

मिरजेचा_तंबोरा

मिसळीवर लावलात तर कोल्हापूर देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर होईल आणि उपाशी राहील.

व्यवस्थापक

मिसळीचा धागा वेगळा आहे आणि तो कुलूपबंद का करावा लागला हे सगळ्यांना आठवत असेल. विषयावर या.

जुनी_पेटी

मी इथं फार लिहीत नाही. आज लिहिते.

माझे पणजोबा नाटक कंपन्यांबरोबर रंगभूषेचं काम करायचे. त्यांची पत्र्याची पेटी आमच्याकडं आहे. झाकणाच्या आत आरसा, पारा उडालेला. आत सहा डब्या. एकीत सफेदा, एकीत पिवडी, एकीत हिंगूळ. बाकीच्यांतलं ओळखू येत नाही. खोबरेल तेलात कालवून तळहातावर रंग तयार करायचे म्हणे, वेगळी पाटी नाही. डबी उघडली की अजून खवट खोबऱ्याचा वास येतो.

त्यांच्याकडून आजोबांकडं आणि आजोबांकडून माझ्याकडं एक गोष्ट आली आहे. केशवरावांना स्त्रीवेषात रंगवताना गळ्याकडं जास्त वेळ द्यावा लागायचा, कारण गाताना शिरा फुगायच्या आणि रंगाला भेगा पडायच्या. म्हणून गळ्याला तेल जरा जास्त. पुढं ते पुरुष भूमिका करायला लागले, तेव्हा पणजोबा म्हणाले म्हणे, "आता माझं तेल वाचलं."

घरातली गोष्ट आहे. कागदावर कुठं नाही. पण पॅलेस थिएटरचं नाव निघालं की मला तो गळा आठवतो. म्हणजे मी पाहिलेला नाही, तरी.

विंगेतला

जुनी_पेटी, हा आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी प्रतिसाद.

नाट्यवेडा_७७

वा! संयुक्त 'मानापमान' याच पॅलेस थिएटरमध्ये झाला होता ना? बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्या दगडांनी काय ऐकलं असेल!

मिरजेचा_तंबोरा

नाही हो. तो ८ जुलै १९२१ ला मुंबईत झाला, बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची गंधर्व आणि केशवरावांची ललितकलादर्श, दोन कंपन्या एका रंगमंचावर. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय ३१. (कोल्हापूरच्या बाजूनं मी लिहितोय याची नोंद घ्यावी.) आणि 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते तुमच्याकडचेच, तेवढ्यावर समाधान माना.

नाट्यवेडा_७७

धन्यवाद, चूक झाली. तीस वर्षं चुकीचं सांगत आलोय, आता कुणाकुणाला फोन करू?

हुबळीकर

ललितकलादर्शाचा विषय निघाला म्हणून आमचाही हक्क सांगतो. कंपनी स्थापन झाली १९०८ मध्ये, आमच्या हुबळीला. केशवराव तेव्हा १७ वर्षांचे होते. हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्यात मराठी संगीत नाटकाला कानडी श्रोता होता, हे मराठी माणूस विसरतो. माझ्या आजीला मराठी बोलता यायचं नाही, पण नाट्यपदं सगळी पाठ. अर्थ विचारला की म्हणायची, अर्थ कशाला, सूर आहे की.

खासबागवाला

@हुबळीकर, आजींना नमस्कार. आमच्याकडं जुने लोक सांगतात की केशवरावांनी महाराजांच्या इच्छेवरून खासबागच्या मैदानात 'मृच्छकटिक'चा प्रयोग केला. उघड्यावर, कुस्तीच्या मैदानात, नाटकात माईक यायच्या आधी. ज्या माणसाचा गळा मैदान भरायचा त्याचं नाव ज्या थिएटरला आहे, तिथं उद्या कॉलरला माईक अडकवून 'नमन नटवरा' म्हणणार काय आपण?

पुण्यातला_पेठकर

एक शंका, राग मानू नये. केशवरावांचा गळा कुठंही ऐकू यायचा, तर मग त्यात वास्तूचा काय मोठेपणा? वास्तूची परीक्षा विंगेतला यांच्यासारख्या पुटपुटणाऱ्यांवर घ्यावी.

विंगेतला

माझा इतका सन्मान घरीही झालेला नाही.

चुनखडी

पेठकरांचा मुद्दा गंमतीचा वाटला तरी बिनचूक आहे.

आवाज हॉलमध्ये किती वेळ घोळतो यावर सगळं आहे. बोललेलं स्पष्ट ऐकू यायला तो सेकंदभरात मावळलेला बरा. गाण्याला थोडा जास्त वेळ रेंगाळलेला लागतो, नाहीतर सूर कोरडा वाटतो. संगीत नाटकाला दोन्ही पाहिजे, म्हणून त्याचं घर बांधणं अवघड. लाकडी रंगमंच, त्याखालची पोकळी, छपराचा उतार, भिंतींचा खडबडीत गिलावा, खुर्च्या, एवढंच काय, बसलेली माणसं, सगळ्यांनी मिळून तो आकडा ठरतो. गुबगुबीत खुर्च्या आणि गालिचा आला की आवाज पिऊन टाकतात. खाली सपाट फॉल्स सीलिंग ठोकलं की वरची हवाच गेली. मग माईक आला. माईक आला की एसीचा घरघराट चालतो. असं एकातून एक.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होतं, २०१६ ला परत उघडलं. तिथं जाऊन बसा. सोनेरी नक्षी सगळे बघतात. मी डोळे मिटून बसलो होतो, बायकोला वाटलं झोपलो.

अडचण एकच. आवाज 'जसाच्या तसा' करायचा तर आधी तो कसा होता हे माहीत पाहिजे. भिंतीचा फोटो असतो. आवाजाचा?

तिसरी_घंटा

हे मात्र खरं. आम्ही तंत्रज्ञ लोक कुठल्या नाट्यगृहात कुठला आवाज कसा येतो हे अंगवळणी पडल्यानं सांगू शकतो, "इथं डावीकडं जरा कमी ठेव" वगैरे. पण आकडा कुणाकडं नाही. आणि आठवणींवर जाल तर प्रत्येकाला आपल्या तरुणपणचं नाट्यगृहच सुरेल वाटतं.

भालजींची_पेठ

थोडं अवांतर. कोल्हापूरला जळाल्यावर उभं राहायची सवय आहे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ ला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. 'मीठभाकर' आत होता, तोही गेला. त्यांनी तो सगळा पुन्हा चित्रित केला. आता लोक पडद्यावर जो बघतात तो दुसऱ्यांदा केलेला. पहिल्याशी तुलना करायला पहिला शिल्लकच नाही.

गुळाची_ढेप

हे अवांतर नाहीच. हाच तर विषय आहे.

पुण्यातला_पेठकर

म्हणजे निष्कर्ष काय? मूळ नसेल तर नक्कल हेच मूळ?

भालजींची_पेठ

निष्कर्ष तुम्ही काढा. आम्ही कोल्हापूरचे, आम्ही जेवायला चाललो.

जुनी_पेटी

चुनखडी काका, परवा तुम्ही विचारलंत ना, आवाजाचा फोटो असतो का म्हणून? मी दोन दिवस माळ्यावर होते.

माझ्या मामांना रेकॉर्डिंगचा नाद. १९८६-८७ च्या सुमारास त्यांनी तिथं एक हौशी संगीत नाटक टेपवर घेतलं होतं, मधल्या रांगेत बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर. कॅसेटवर त्यांच्या अक्षरात "केशवराव, अंक १ ला, बाजू अ". फिरेल याची खात्री नव्हती. पेन्सिल घालून आधी हातानं सैल केली, मग भावाच्या जुन्या डेकवर लावली.

आधी नुसती लोकांची कुजबुज. मग पहिली घंटा. मग खूप वेळानं दुसरी. तिसरीनंतर लोक एकदम गप्प होतात, आणि त्या शांततेत कुणाच्या तरी हातून पितळी फुलपात्रं का डबा फरशीवर पडतो. खण्ण! तो आवाज लगेच जात नाही. जरासा वर जातो, फिरतो आणि मग विझतो. मी तेवढाच भाग सात-आठ वेळा ऐकला. नांदी नंतर ऐकली.

काका, याचा काही उपयोग आहे का?

चुनखडी

ताई, आहे! प्रयोगशाळेत आम्ही फुगा फोडतो नाहीतर पिस्तुलाचा बार काढतो, तो याचसाठी. एक टणक, एकदम आलेला आवाज आणि त्याच्या मागची शांतता. तो किती वेळात मावळतो ते मोजता येतं. टेप जुनी, टेपरेकॉर्डर साधा, आकडा नेमका निघणार नाही. पण अंदाज निघेल, आणि आज हातात काहीच नाही. हॉल भरलेला असतानाचा आहे, हे तर फारच उत्तम.

दोन विनंत्या. ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावू नका, टेप तुटेल. ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या कुणाकडून तरी एकदाच नीट उतरवून घ्या. आणि कुणी सांगितलं की आवाज साफ करून देतो, खरखर काढतो, तर अजिबात देऊ नका. साफ करायला गेलं की पहिल्यांदा तो घोळणारा आवाजच जातो.

तिसरी_घंटा

उतरवून द्यायचं काम माझ्याकडं. माझा मित्र करतो, पैसे घेणार नाही, मी सांगतो त्याला. पुढच्या शनिवारी प्रयोग घेऊन कोल्हापुरात आहे, येऊन घेऊन जातो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

खासबागवाला

मी पण येतो. शेजारच्या आजोबांना घेऊन येऊ काय? त्यांना ऐकायचंय. धागा वाचून दाखवला त्यांना. म्हणाले, फुलपात्र नसणार ते, वड्यांचा डबा असणार.

जुनी_पेटी

नक्की आणा. आणि त्यांना सांगा, बरोबर ओळखलंत. टेपवर त्यानंतर लगेच एक बाई दबक्या आवाजात म्हणते, "गेले सगळे वडे."